जरा ॲडजस्ट करा ना!

"नऊशे रुपयांत मिळतो रे तो तुकडा. आणि तू त्याच्यावर तीन शनिवार घातलेस?"

ऑफिसच्या कँटीनमध्ये माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधल्या मित्राने हे वाक्य टाकलं आणि टेबलावरचे बाकीचे पाच जण मनापासून हसले. एकाने लगेच मोबाईलवर हिशोब केला. माझा क्लायंटला लागणारा तासाचा दर गुणिले बावीस तास. आलेला आकडा त्याने मोठ्याने वाचून दाखवला. त्या पैशात म्हणे आख्खी नवी बोट आली असती, वर बिर्याणी.

उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. (मला उत्तरं नेहमी घरी पोचल्यावर, चप्पल काढताना सुचतात.) म्हणून आज लिहितोय. आधीच सांगतो, हा लेख भांडणाचा आहे. ‘छंद जोपासा, मन प्रसन्न ठेवा’ छापाचं काही वाचायला आला असाल तर पुढच्या शनिवारी या.

तर झालं असं. माझ्याकडे एक रिमोट कंट्रोलवर चालणारी स्पीडबोट आहे. खेळण्यातली म्हणा, माझं काही म्हणणं नाही. लांबी साधारण ८० सेंटिमीटर, बॅटरीसकट वजन अडीच किलो, खालून इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा फायबरचा हल. पाण्यावर कागदी होडीसारखी डुलत जाणारी बोट डोळ्यासमोर आणत असाल, तर जरा आकडे सांगतो. मोटर व्होल्टमागे १८०० फेऱ्यांची, बॅटरी १४.८ व्होल्टची. मोकळी फिरली तर मिनिटाला २६ हजारांच्या वर, पाण्यात लोड आल्यावर २४ हजार धरा. प्रॉपेलर ४० मिलिमीटर व्यासाचा, पिच व्यासाच्या १.४ पट. म्हणजे एका फेऱ्यात ५६ मिलिमीटर पुढे. गुणाकार करा: ताशी ८० किलोमीटर. पाण्यात थोडी घसरण होते ती वजा केली तरी सत्तरच्या आसपास. लक्ष्मी रोडवर रात्री दोन वाजतासुद्धा कुणी त्या वेगाने जात नाही.

आणि गंमत अशी की हा प्रॉपेलर पूर्ण पाण्यात नसतोच. अर्धा पाण्यात, अर्धा हवेत. पाती पाण्यात घुसतात, ढकलतात, बाहेर पडतात. मोठ्या रेसिंग बोटींमध्ये हे तंत्र फार जुनं आहे. अमेरिकेतल्या सिएटलच्या ‘स्लो-मो-शन फोर’ या बोटीने २६ जून १९५० रोजी लेक वॉशिंग्टनवर ताशी १६० मैलांचा, म्हणजे जवळपास २५८ किलोमीटरचा विक्रम केला, तो असाच, अर्धा प्रॉपेलर हवेत ठेवून. माझी बोट त्या खानदानातली. दूरची, गरीब नातेवाईक.

या सगळ्या व्यवस्थेत मागच्या बाजूला एक तुकडा असतो. त्याला म्हणतात स्ट्रट. बोटीच्या मागच्या सपाट पाठीवर तो बसतो, त्याच्यातल्या बुशमधून शाफ्ट बाहेर येतो आणि शाफ्टच्या टोकाला प्रॉपेलर. प्रॉपेलर किती खोल राहणार आणि त्याचा जोर कुठल्या कोनात लागणार, हे तो तुकडा ठरवतो. शाफ्टचं मागचं टोक किंचित वर असेल तर जोर पुढे आणि खाली लागतो, बोटीची शेपूट दबते, नाक उचललं जातं. टोक खाली असेल तर शेपूट उचलली जाते, नाक पाण्यात दबतं. अर्ध्या अंशाने बोटीचा स्वभाव बदलतो. खोली एक-दोन मिलिमीटरने वाढवली की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. कमी केली की प्रॉपेलर हवा खातो आणि नुसता आवाज करतो.

थोडक्यात, सगळ्या बोटीत बदलता यायलाच हवा असा तुकडा कुठला, तर हा. आणि माझ्या रेडिमेड बोटीत तो फिक्स होता. दोन स्क्रूने पक्का बसवलेला. वर माहितीपत्रकात सूचना: कारखान्यातली सेटिंग बदलू नये.

पाण्यात सोडली की बोट पन्नासच्या वर बेडकासारखी उड्या मारायची. नाक वर, नाक खाली, वर, खाली. इंग्रजीत याला ‘पॉरपॉइजिंग’ म्हणतात, डॉल्फिनच्या चुलतभावावरून. कारण साधं होतं. बोटीबरोबर आलेली बॅटरी लहान होती, माझी मोठी, अर्ध्या किलोची, ती मागेच बसत होती. अडीच किलोच्या बोटीत अर्धा किलो २ सेंटिमीटर मागे गेला की सगळ्या बोटीचा गुरुत्वमध्य ४ मिलिमीटर मागे सरकतो. अशा हलमध्ये तो मागून साधारण ३० टक्के लांबीवर हवा. माझा मागे गेलेला, आणि स्ट्रटचा कोन मात्र त्या लहान बॅटरीसाठी ठरवलेला.

आता लोकांनी काय सुचवलं पाहा. एक म्हणाला, नाकात शिसं भर. दुसरा म्हणाला, फुल थ्रॉटल देऊच नकोस. तिसरा म्हणाला, लहान बॅटरी घे. आणि चौथा, ज्याने माझा पारा चढवला, तो म्हणाला, "अरे, थोडं ॲडजस्ट कर ना!"

ॲडजस्ट कर. कुणी? मी! स्ट्रटने नाही. स्ट्रट तिथेच राहणार, ऐटीत. वजन मी वाढवायचं, वेग मी कमी करायचा, बॅटरी मी बदलायची.

इथे माझी ट्यूब पेटली, आणि इथूनच भांडण सुरू होतं. हा शब्द इंग्रजीत वस्तूंबद्दल वापरतात. खुर्ची ॲडजस्ट करा, आरसा ॲडजस्ट करा. आपण तो आणला आणि माणसांना लावला. आपल्याकडे वस्तू ॲडजस्ट होत नाहीत, माणसं होतात, आणि जो जास्त होतो तो गुणी.

लोकलमध्ये चौथ्या सीटवर कुणी ‘जरा सरका’ म्हणालं तर सरकावं, त्याबद्दल मी बोलत नाहीये. ते माणसाने माणसासाठी केलेलं आहे, त्यात माणुसकी आहे. मी बोलतोय ते माणसाने लाकडा-लोखंडासाठी स्वतःला वाकवण्याबद्दल. डुगडुगणाऱ्या टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी घालायची आणि वर्षानुवर्षं ती घडी बदलत राहायची, कारण पायाला एक बोल्ट लावावा असं कुणालाच वाटत नाही. ऑफिसातल्या तीस हजारांच्या खुर्चीचा लिव्हर तुटला की पाठदुखीसाठी फिजिओ शोधायचा. आमच्या घरी स्वयंपाकाचा ओटा बिल्डरने त्याच्या मापाने बांधला. आई उंचीने लहान. ती गेली एकवीस वर्षं ओट्यासमोर पाट ठेवून त्यावर उभी राहून पोळ्या लाटते. पाटावरून दोनदा पडली. दोन्ही वेळा घरात काय म्हणाले? "बघून पाय टाकत जा."

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. घरात मेकॅनिकल इंजिनियर असताना हे एकवीस वर्षं चाललं. आता कळलं का, तो तुकडा नऊशे रुपयांचा का नाही?

असो. तर मी स्ट्रट बनवायचं ठरवलं.

माझ्या डिग्रीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. चार वर्षं मेकॅनिकल केलं, कँपसमधून आयटीत आलो, गेली सहा वर्षं जावा लिहितोय. पहिल्या वर्षाला वर्कशॉप होतं. कानशीने घासून लोखंडाचा चौकोन करायचा, दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, लेथवर एक पायऱ्यांचा जॉब करायचा. मी एकही केला नाही. तयार जॉब मिळायचे, सीनियरकडून पन्नास रुपयांत. त्यावर आपला नंबर पंच केला की झालं सबमिशन. वर्गातल्या बहुतेकांनी हेच केलं. कॉलेजला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि सगळ्यांनी ॲडजस्ट केलं होतं! डिस्टिंक्शन मिळालं मला त्या विषयात.

तर असा हा डिस्टिंक्शनवाला इंजिनियर एका शनिवारी सकाळी भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचा प्रिंट घेऊन उभा राहिला. पत्र्याची शेड, दोन लेथ, एक मिलिंग मशीन, देवाचा फोटो, त्याच्यावर तेलाचा थर. चालवणारे काका साठीचे. ओळखीने गेलो होतो म्हणून चहा मिळाला. काकांनी चष्मा वर करून कागद बघितला.

"कशाचा पार्ट आहे, साहेब?"

"बोटीचा."

"खेळण्यातल्या?"

"हो."

"आणि हे काय, अठ्ठावीस पॉइंट सहाशे पन्नास? तो शेवटचा शून्य कोण मोजणार? तुम्ही का मी?"

माझ्या कागदावर एकोणीस मापं होती, सगळी तीन दशांशांपर्यंत. सॉफ्टवेअरने दिली, मी छापली. काका म्हणाले, यातली खरी कामाची कुठली ते सांगा, बाकी मी व्हर्निअरने काढतो. मला सांगता येईना! अर्धा तास बसून आम्ही दोघांनी ठरवलं तेव्हा तीन निघाली. बुशचं भोक. ते भोक आणि ज्या पिनवर स्ट्रट वर-खाली झुलणार ती पिन यांच्यातला काटकोन. आणि पिनपासून ॲडजस्टिंग स्क्रूपर्यंतचं अंतर. बाकी सोळा मापं अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाली असती तरी बोटीला पत्ता लागला नसता. रिक्वायरमेंट म्हणजे काय हे मला सहा वर्षांच्या नोकरीत कुणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

शाफ्ट ४.७६ मिलिमीटरचा. मी तसंच सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे दीड सूत." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दीड सूत म्हणजे तीन-सोळांश. चार पूर्णांक शहात्तर शतांश हा विचित्र आकडा त्यांच्या तोंडात दोन शब्दांत मावला. शाफ्ट अमेरिकन इंचातला, काका भोसरीचे, आणि दोघांची ओळख आधीपासूनच. परका तिथे मीच होतो.

स्ट्रटसाठी ॲल्युमिनियम घेतलं ‘एचई थर्टी’, जे पुस्तकात ६०८२ म्हणून येतं. बुश गनमेटलचा, आधी किंचित लहान ड्रिल आणि मग रीमर, म्हणजे भोक गोल आणि गुळगुळीत येतं. बोल्ट रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून, स्टेनलेस. आणि आटे पाडायचं काम मी मागून घेतलं. तीन मिलिमीटरचा टॅप. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, म्हणजे बुकणी तुटून बाहेर पडते, वर रॉकेलचा थेंब. पहिलं भोक छान झालं. दुसऱ्याला घाई केली. कट्! टॅप आत तुटला. तो तुकडा काढता येत नाही, कारण टॅप ड्रिलपेक्षा मऊ नसतो. सकाळभराचं काम भंगाराच्या डब्यात. काका काही बोलले नाहीत, दुसरा तुकडा चकमध्ये लावला. जावामध्ये ‘अनडू’ असतो हो.

पहिला स्ट्रट तयार झाला. दोन बाजूंना कान, पुढे पिन, मागे अर्धगोल खाच, खाचेतून दोन बोल्ट. बोल्ट ढिले करा, हवा तो कोन द्या, बोल्ट आवळा. दिसायला झकास. मी त्याचे फोटो काढले, स्टेटसला ठेवले. काका फक्त म्हणाले, "नुसत्या आवळण्यावर ठेवलंय तुम्ही." मी म्हटलं, चालेल. ड्रॉइंग माझं होतं ना!

आता जे लिहितोय ते लिहायला आवडत नाही, पण ते गाळलं तर हा लेख म्हणजे पुन्हा पन्नास रुपयांचा जॉब.

पुरंदर तालुक्यात मामाचं गाव आहे, तिथे पाझर तलाव. माणसं नसतील, जाळी टाकलेली नसतील तेव्हा आम्ही तिथे बोट चालवतो. त्या दिवशी मामेभाऊ आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा बरोबर होते. पोरगं बांधाच्या दगडांवर बसलं होतं. पहिले चार फेरे स्वप्नासारखे. उड्या गेल्या, बोट पाण्याला नुसती स्पर्श करत चाललेली. जीपीएसने ६८ दाखवले. पाचव्या फेऱ्याला बोट बांधाच्या दिशेने येत असताना नाक हळूच वर झालं, खाली आलंच नाही, वर वर जात राहिलं, पोटाखाली हवा शिरली, आणि बोट हवेत मागच्या मागे उलटली. पाण्यावर एकदा आपटली आणि घसरत येऊन दगडांवर फुटली. पोरापासून चार हातांवर.

त्याला काही झालं नाही. "काका, परत करा ना!" म्हणाला. मामेभाऊ काही म्हणाला नाही. त्याने पोराला उचलून गाडीत नेऊन बसवलं.

घरी येऊन मी गणित केलं. अडीच किलो, ताशी ७२ किलोमीटर: ५०० ज्यूल. वेगवान गोलंदाजाचा १४० किलोमीटरचा चेंडू, १६० ग्रॅमचा: १२० ज्यूल. चारपट. त्या चेंडूसमोर माणूस हेल्मेट आणि पॅड घालून उभा राहतो. पोरगं हाफ पँटवर बसलं होतं.

काय झालं होतं? २४ हजार फेरे मिनिटाला, म्हणजे सेकंदाला ४००. दोन पाती, प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक पातं एकदा पाण्यावर आपटतं. सेकंदाला ८०० ठोके. फ्लेक्स शाफ्टचं ग्रीस बाहेर येऊन कानांच्या मधे गेलेलं. स्टेनलेसची बोल्टची डोकी मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतलेली, त्यामुळे आवळ गेलेली. प्रॉपेलरचा वरचा रेटा, ठोके आणि ग्रीस. स्ट्रटचं टोक हळूहळू वर सरकत गेलं. टोक वर म्हणजे शेपूट खाली, नाक वर. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधल्या कॉनिस्टनच्या तळ्यावर डोनाल्ड कॅम्पबेलची ब्लूबर्ड अशीच नाक उचलून मागे उलटली, त्यात तो गेला. कारणं वेगळी होती, पण नाक एका मर्यादेबाहेर गेलं की पुढचं काम हवा करते.

मी स्वतःहून ॲडजस्ट होणारा पार्ट बनवला होता. ज्याच्यावर रेटा येईल त्याच्यापुढे सरकणारा. ओळखीचं वाटलं मला ते. शुक्रवारी संध्याकाळी सहाला ‘उद्या रिलीज आहे, बघ ना जरा’ म्हटलं की मी असाच सरकतो. माझीही पकड नुसत्या आवळण्यावर आहे.

पुढच्या शनिवारी फुटका स्ट्रट घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी खाचेतल्या घासल्याच्या खुणा बघितल्या.

"साहेब, हलणारी वस्तू कोणीपण बनवतो. हलवून झाली की हलायची बंद झाली पाहिजे."

मग त्यांनी खडूने पत्र्यावर काढून दाखवलं. मशीन लेव्हल करायला वापरतात तसे जॅक स्क्रू. स्ट्रटच्या शेपटीला वरून एक स्क्रू दाबतो, खालून एक दाबतो. एक ढिला केल्याशिवाय दुसरा पुढे जाऊच शकत नाही. दोघांना वरून लॉकनट. बाजूचे बोल्ट आहेतच, पण ते आता सोबतीला. स्ट्रट धरून ठेवण्याचं काम घर्षणाकडे नाही, स्क्रूच्या आट्यांकडे. मी घरी एका डिफरन्शियल स्क्रूचं डिझाईन करून ठेवलं होतं, चारचे आटे आणि तीनचे आटे, पिचमधला फरक ०.७ वजा ०.५, म्हणजे फेऱ्याला ०.२ मिलिमीटर. फार हुशार. काकांनी बघितलं, म्हणाले, छान आहे, पण तळ्यावर चिखलात बसून फिरवणार कोण?

माझं एक मात्र त्यांनी मान्य केलं. ते २८.६५. तीन मिलिमीटरच्या बोल्टचा पिच अर्धा मिलिमीटर असतो. पिनपासून स्क्रू बरोबर २८.६५ वर ठेवला की स्क्रूचा एक फेरा म्हणजे एक अंश. पाव फेरा, पाव अंश. तळ्यावर कोनमापक लागत नाही, ॲलन की किती फिरवली ते वहीत लिहायचं. काकांनी दोनदा विचारून खात्री केली आणि म्हणाले, "हे चांगलं केलंत." डिस्टिंक्शनपेक्षा मला हे मोठं वाटतं, खोटं कशाला बोलू.

आणखी एक गोष्ट मी त्यांना देऊ शकलो. हे भारी प्रॉपेलर बेरिलियम कॉपरचे येतात, त्यांना धार आणि बॅलन्स आपण करायचा असतो. काका तो ग्राइंडरवर धरणार होते, मी हात धरला. बेरिलियमची धूळ फुप्फुसात जाणं फार वाईट, कायमचं दुखणं. पाण्याखाली ओलं घासायचं, मास्क लावायचा, फडकं ओलंच टाकायचं, आणि ओट्यावर तर अजिबात नाही. ते त्यांना माहीत नव्हतं. सूत त्यांचं, बेरिलियम माझं. डिग्री अगदीच वाया गेली नाही म्हणायची.

आता विरोधी पक्षाचं ऐकू.

पहिला आक्षेप: खरे जाणकार म्हणतात, फिक्स स्ट्रटच चांगला. कमी जोड, कमी वजन, तुटण्याच्या जागा कमी. शंभर टक्के मान्य. फक्त त्याआधी योग्य कोन माहीत हवा. तो शोधायला हलणारा स्ट्रट लागतो. सरळ रेषेत एकच विक्रम करायचा तर शोधून झाल्यावर खुशाल वेल्ड करा. पण अमेरिकेतल्या मॉडेल बोटींच्या शर्यतींत अंडाकृती ट्रॅकवर सारखं उजवीकडे वळत पळायचं असतं, सकाळी पाणी आरशासारखं आणि दुपारी वाऱ्याने खवळलेलं. तिथे स्ट्रट, रडर, वळणाचं फिन, ट्रिम टॅब, सगळं हलवता येणारंच लावतात. जे बदलतं त्याच्यासमोरचं बदलता यावं, जे बदलत नाही ते पक्कं असावं. माझं म्हणणं एवढंच आहे.

दुसरा आक्षेप: नऊशे रुपयांत ॲडजस्टेबल स्ट्रटसुद्धा मिळतो. मिळतो. मीही मागवून बघितला. खाच आणि दोन बोल्ट! माझ्या पहिल्या व्हर्जनचा जुळा भाऊ, फक्त निळा ॲनोडाइज केलेला. आयता घेतला असता तर तोही सरकला असता, आणि मी कंपनीला एक स्टार देऊन मोकळा झालो असतो. का सरकला हे कळलं नसतं. विकत घ्यायला माझा विरोध नाही, मी लॅपटॉप काही भोसरीत बनवून घेतलेला नाही. पण ज्या वस्तूचं फसणं दुसऱ्याच्या पोराला भोवू शकतं, ती कशी धरून राहते हे तिच्या मालकाला माहीत पाहिजे.

तिसरा आक्षेप तो तासाच्या दराचा. त्यावर मला राग येत नाही, शरम वाटते, आणि त्याचं कारण वेगळं आहे. काकांनी दोन सकाळींचे बाराशे रुपये सांगितले आणि मी घासाघीस केली. हजार म्हटलं. ते हो म्हणाले. ॲडजस्ट केलं त्यांनी! माझा दर मोबाईलवर गुणणाऱ्या मित्रांना काकांचा दर गुणावासा वाटला नाही, आणि मलाही वाटला नाही. काकांचा मुलगा एका कॉल सेंटरला आहे. लेथला हात लावत नाही. त्याला दोष कोण देणार? मी तर डिग्री घेऊन लावला नाही.

आणि ज्यांना वाटतं शनिवारी शेडमध्ये उभं राहून काय होणार, त्यांच्यासाठी एकच नाव. ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीने सिडनीतल्या आपल्या घरामागच्या अंगणात लाकूड आणि फायबरग्लासची बोट बांधली, लष्कराने विकायला काढलेलं जुनं जेट इंजिन त्यात बसवलं, आणि ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्लोअरिंग धरणाच्या पाण्यावर ताशी ५११ किलोमीटर गाठले. चार दशकं उलटली तरी त्याच्या पुढे कुणी गेलं नाही. त्याच्या शेजाऱ्यांनीही तासाचा दर काढला असेलच.

दुसरा स्ट्रट गेले चार महिने बोटीवर आहे. नवा हल घेतला, त्याला हाच लावला. प्रत्येक वेळी घरी आल्यावर कानावर कोरलेल्या रेघा जुळतात का बघतो. अजून हललेला नाही. वहीत नोंदी आहेत: मोठी बॅटरी, शांत पाणी, शून्यापासून दीड फेरा खाली. लहान बॅटरी, पाऊण. आणि एक नियम नव्याने: बोट बांधाकडे तोंड करून येताना थ्रॉटल अर्धा, आणि बघणारे सगळे माझ्या मागे, उंचावर. मामेभाऊ परत एकदा आला होता. पोराला घेऊन नाही. तेही बरोबरच आहे, त्याचे आटे परत पाडायला वेळ लागणार.

मागच्या रविवारी मी ओट्याचं माप घेतलं. आई म्हणाली, "आता कशाला? सवय झाली मला." बाबा पेपरमधून म्हणाले, "इतकी वर्षं ॲडजस्ट झालं ना सगळं?"

ओटा खाली घेता येत नाही, खाली सिलिंडर आहे, पाइप आहेत. पण पोळ्या लाटायला आईच्या मापाचं, उंची बदलता येणारं, भिंतीला घट्ट बसणारं एक फळीचं टेबल करता येतं. चार पाय, प्रत्येकाला जॅक स्क्रू, वर लॉकनट. ड्रॉइंग केलंय. मापं फक्त तीन आहेत, आणि एकातही शेवटी शून्य नाही.

चला, नऊ वाजले. काका साडेनऊला शेड उघडतात. या वेळी ते जे सांगतील ते देणार.